हिरूच्या ताटातले गव्हले

वेदपाठशाळेत बारा वर्षे घालवलेला मनुष्य पुढे पौरोहित्य करील, पुराण सांगेल, फार तर एखाद्या हायस्कुलात संस्कृत शिकवील, अशी लोकांची अपेक्षा असते. मी यांपैकी काहीच केले नाही. मी एकोणीस वर्षे लहान मुलांना जेवू घातले. संपादकांनी आपल्या व्यवसायाविषयी लिहा असे कळवले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. कारण अन्न शिजवणारे हात माझे नव्हते. मी कोठी सांभाळली, काय शिजावे ते ठरवले, आणि कोण जेवले, कोण जेवले नाही, हे पाहत पंगतीच्या टोकाला उभा राहिलो. परंतु त्या उभे राहण्यात जे दिसले, ते पाठशाळेच्या ओसरीवर कधी दिसले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या कुलाबा जिल्ह्यात, काशीदच्या थोडे अलीकडे, सुरूच्या बनाआड एका धर्मादाय मंडळाने मोठ्या दुखण्यातून उठलेल्या मुलांसाठी आरोग्यधाम काढले. इस्पितळाने बरे केलेले परंतु घरी धाडण्याजोगे न झालेले मूल तिथे येई, समुद्राचा वारा खाई, आणि अंगात रक्त भरले की परत जाई. चाळीसएक मुले असत. हरिहरेश्वराचे घर सोडून मी तिथे कोठीवर आलो आणि मुलांचा 'गुरुजी' झालो, तो शेवटपर्यंत.

मुलाला जेवू घालणे म्हणजे ताट वाढणे, असे बाहेरच्यांना वाटते. ताट कोणीही वाढील. दुखण्यातून उठलेल्या मुलाची जीभ ही त्याच्या ताब्यात उरलेली एकच वस्तू असते. हातपाय डॉक्टरांनी दाबलेले, अंगाला सुया टोचलेल्या, आईबाप दूर. राहता राहते तोंड, आणि ते मिटून घेणे त्याला साधते. या मिटलेल्या तोंडापुढे मी रागावून पाहिले, गोष्टी सांगून पाहिल्या, आणि शेवटी थांबायला शिकलो. एका मुलाला पांढरे काही चालत नसे. दूध, ताक, भात, सगळ्याला नकार. आम्ही दुधात हळद घातली, तो प्यायला. भात आमसुलाच्या पाण्यात कालवला, तो जेवला. महिन्याभराने त्याने आपणहून सांगितले की इस्पितळाच्या भिंती पांढऱ्या होत्या. ज्या अग्नीला आपले पूर्वज वैश्वानर म्हणत, तो पोटात बसून इतके सगळे लक्षात ठेवतो, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. तेव्हापासून न जेवणाऱ्या मुलाला मी हट्टी म्हटलेले नाही.

सर्वांत मोठा प्रसंग आला तो तांदूळ दुर्मीळ झाला तेव्हा. शिधावाटपात तांदूळ आठवड्यातून दोन वेळांपुरता मिळू लागला आणि त्याच्या जागी बोटीतून आलेला लाल गहू पोत्यापोत्याने आला. आमची मुले भात आणि मासळीच्या मुलखातली. त्यांच्या घरी गव्हाची पोळी होळीला होई, तीही पुरणाची. पहिल्या दिवशी पंगतीत चपाती वाढली, तेव्हा एका मुलाने ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि शेजारच्याला विचारले, "ही चप्पल कोनाची रं?" सगळी पंगत हसली आणि सगळी पंगत उपाशी उठली.

आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई भागीरथीबाई. चौलकडच्या एका नारळीपोफळीच्या वाडीतल्या. बाविसाव्या वर्षी वैधव्य आले, त्यानंतर काही वर्षे भावाच्या घरी काढून त्या आमच्याकडे आल्या. मुले त्यांना आत्या म्हणत. बोलणे कमी, आणि जे बोलत त्याला धार असे. त्या दिवशी परत आलेल्या चपात्यांच्या चळतीकडे पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरं पोळीवर रागावलीत, गव्हावर नाही. उद्या पोळी दिसणार नाही असं करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कणीक लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे केले आणि तुरीच्या पातळ, गूळ-आमसुलाच्या उकळत्या वरणात सोडले. वर ओले खोबरे आणि तुपाची धार. देशावर याला वरणफळे म्हणतात; आमच्या मुलांनी त्यांना 'होड्या' म्हटले, कारण ती वरणात तरंगत. गहू, डाळ, गूळ, तूप, एका वाटीत सगळे बळ. चाळीसपैकी एकोणचाळीस मुले जेवली.

चाळिसावी हिरू.

हिरू सहा वर्षांची, कोळ्यांची. विषमज्वराने दीड महिना अंथरुणाला खिळून मग आमच्याकडे आलेली. केस गळून गेलेले, मनगट माझ्या अंगठ्याएवढे. तिचा बाप दोन वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेला होता. आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरे आणि रविवारी पाटी रिकामी झाली की पाच कोस चालत लेकीला पाहायला येई. हिरू पेजेचे वरचे पाणी पिई. बाकी सर्वाला तिचे उत्तर एकच, "मना नको." रड नाही, हट्ट नाही. एखाद्या वृद्धाने निमंत्रण नाकारावे तितक्या शांतपणे ती वाटी पुढे सरकवी.

डॉक्टर अलिबागहून दर गुरुवारी येत आणि प्रत्येक मुलाला काट्यावर उभे करीत. लागोपाठ दोन गुरुवार हिरूचा काटा खाली आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले.

"गुरुजी, पेजेच्या पाण्यावर हे मूल टिकणार नाही. गहू, डाळ, दूध पोटात गेलं पाहिजे. आणखी दोन गुरुवार बघतो. त्या दुसऱ्या गुरुवारीही काटा उतरला, तर मुंबईच्या इस्पितळात धाडावं लागेल. आणि खरं सांगू? त्या प्रवासाची मला खात्री नाही."

रविवारी आई आली. मी तिला सर्व सांगितले. ती उकिडवी बसून ऐकत होती. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी सोवल्यातले. जवला घाला असा मी सांगनार न्हाय. पन तिला भात द्या. भाताबिगर तिला जेवन वाटतच न्हाय."

तांदूळ होता तेवढा मी आधीच तिच्यासाठी बाजूला काढत होतो, आणि तिची मजल पाण्यापुढे जात नव्हती. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. त्या सुचण्याचा मला अभिमान वाटला, आणि पुढचा सारा अपराध त्या अभिमानातूनच घडला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे लग्नामुंजीत पाच खिरी करतात. त्यांतली एक गव्हल्यांची. गहू ओलवून दळायचे, वस्त्रगाळ करून पिठी बाजूला काढायची, उरलेला बारीक रवा दुधात भिजवायचा आणि तुपाचा हात लावून लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुटायचा. मग त्या गोळ्यातून मोहरीएवढा कण चिमटीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांत असा फिरवायचा की त्याला तांदळाचा आकार यावा, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये भरलेला. नखाने दाबून शिंपल्यासारखे केले तर ते नखुले. सुपात टाकून सावलीत वाळवले की वर्षभर टिकतात. गहू तांदळाच्या रूपात अवतरतो. मला वाटले, हिरूला फसवण्याइतके हे रूप हुबेहूब आहे.

भागीरथीबाईंना सांगताच त्या हात पुसत पुढे आल्या. "करते मी. आजच रवा काढते."

मी म्हणालो, "आपण रवा काढून द्या. वळायला वाडीतल्या सुवासिनींना बोलावू."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे म्हणालो, "गव्हले मंगलकार्याचे. रीत आहे."

"आहे खरी," एवढे म्हणून त्या जात्याकडे वळल्या.

शेजारच्या वाड्यांतून चार सुवासिनी आल्या. मोठ्या आनंदाने आल्या, मुलांसाठी करायचे म्हणून एकीने सोबत घरचे तूपही आणले. दोन दुपारी त्यांनी गव्हले वळले. गप्पा चालल्या, थट्टा चालली. "अगं, हे गव्हले की उंबराच्या अळ्या?" असे एक दुसरीला म्हणाली. ते ऐकून आत गहू पाखडणाऱ्या भागीरथीबाईंच्या सुपाचा आवाज क्षणभर थांबला, एवढे मला आठवते. तिसऱ्या दिवसापासून त्यांना यायला जमले नाही. चौघींच्याही घरी सुपारी सोलण्याचे दिवस होते.

मी ते गव्हले न वाळवताच, आमटीबरोबर भातासारखे शिजवून घेतले आणि स्वतः ताट घेऊन हिरूसमोर बसलो.

"हिरू, भात."

तिने एक कण उचलून बोटांत धरला, उजेडात पाहिला, जिभेवर ठेवला आणि परत ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"ह्यो भात न्हाय, गुरुजी. ह्याने भाताचा सोंग घेतलाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझी कीव असावी. व्याकरणाच्या परीक्षेत एकदा गुरूंनी माझे उत्तर न वाचताच पान उलटले होते, त्याची मला आठवण झाली. सहा वर्षांच्या, अन्नावाचून वाळत चाललेल्या त्या मुलीच्या जिभेला असत्य चालत नव्हते. गुरुवारी काटा पुन्हा उतरला. आता एकच गुरुवार उरला होता.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी मी कोठीत डाळ मोजत होतो. कोठीची खिडकी मागच्या पडवीवर उघडे. तिथे भागीरथीबाई पुढच्या गव्हल्यांसाठी रवा कुटत बसल्या होत्या, आणि हिरू भिंतीला धरून धरून त्यांच्याजवळ आली होती. मुलांना दुपारी झोपायची सक्ती असे. पण तिला चालताना पाहून मी बोलावले नाही.

"आत्ये, त्या बायका गेल्या?"

"गेल्या."

"मंग आता कोन वलनार?"

"येतील पुन्हा."

"तू का न्हाय वलत?"

"मला चालत नाही."

"हात दुकतंय?"

"नाही गं. मला नवरा नाही ना. हे नवरा असलेल्या बायकांनी करायचं."

मुसळाचे तीन-चार ठोके ऐकू आले. मग ती म्हणाली, "माजे आयशीला पन नवरा न्हाय. तिचे हातचा मी जेवते. तिचे हातचाच जेवते."

मुसळ थांबले.

माझ्या हातातले माप तसेच राहिले. मी आठवू लागलो. बारा वर्षांत जे जे पाठ केले, जे जे गुरुमुखातून ऐकले, ते ते मनात फिरवून पाहिले. रोग्याला अन्न देणाऱ्या हाताविषयी कुठे निषेध आहे काय? उपाशी बालकासमोर कोणते हात अमंगल? मला एकही आधार मिळेना. लग्नमंडपातली एक रीत मी उचलून रोग्याच्या खोलीत आणून ठेवली होती, आणि तिला शास्त्र समजून तिच्यापुढे पहाऱ्याला बसलो होतो. नवरा समुद्रात हरवलेल्या बाईची ही मुलगी. तिच्या आयुष्यात आजवर जे अन्न आले, ते त्याच हातांचे. हे मला ठाऊक होते. ठाऊक असून दिसले नव्हते.

मी पडवीत गेलो आणि हात जोडले. "बाई, माझी चूक झाली. हे आपण वळावे."

त्यांनी मान वर केली नाही. "गुरुजी, शास्त्र बघून या आधी. मागाहून प्रायश्चित्त निघालं तर गोळा वाळून जाईल माझा."

"पाहिले," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

"आठ दिवसांपूर्वी पाहायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. एवढेच. त्यात डंख नव्हता, आणि म्हणूनच आजही ते बोलणे मला विसरता येत नाही. त्या आठ दिवसांत हिरूचा काटा एकदा उतरला होता, आणि तो माझ्यामुळे उतरला होता.

त्यांनी हात धुतले, तुपाचे बोट लावले आणि गोळा डाव्या हातात घेतला. वैधव्य येण्यापूर्वी गावातल्या प्रत्येक कार्याला त्यांना बोलावणे येत असे, हे मला पुढे कळले. चौदा वर्षे त्या हातांनी गव्हला वळला नव्हता. पहिले पाच-सहा कण जाडसर झाले. ते त्यांनी मोडून परत गोळ्यात मिसळले. आणि मग काय झाले ते मी कसे सांगू? अंगठा आणि तर्जनी हलताना दिसेनाशी झाली. सुपात कण पडू लागले, एकसारखे, टोकदार, एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे. जप करताना माझी बोटे मण्यांवरून फिरत, तेव्हा मन कुठे कुठे जाऊन येई. या बाईचे मन बोटांच्या टोकाशी येऊन बसले होते. मी त्या पडवीत उभा होतो आणि मला बसावेसे वाटेना. समोर कोणी अनुष्ठान करीत असता आपण बसत नाही.

हिरूने हात पुढे केला. "मना दे."

भागीरथीबाईंनी तिला गोळ्यातला तुकडा दिला. शिकवले काही नाही. हिरूने तो कण नखाने दाबला, वाकवला, एक शेपटी ओढली. "ह्यो जवला," ती म्हणाली. जवळा म्हणजे बारीक कोळंबी; कोळ्यांच्या घरी सुका जवळा बारमाही असतो. तिने दुसरा केला, तिसरा केला. "ही शिवली," म्हणून शिंपल्यासारखा एक नखुला केला. सात झाले.

भागीरथीबाईंनी माझ्याकडे तिरपे पाहिले. "गुरुजी, तुमच्या सोवळ्यात जवळा आला. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. माझ्या वंशात हा शब्द या संदर्भात कोणी उच्चारला नसावा.

वाळवायला वेळ दिला नाही. तूर आणि मूग यांचे पातळ वरण, त्यात आमसूल, जिरे, नारळाचे दूध. ते उकळल्यावर त्यांनी आधी आपले गव्हले सोडले आणि वरून ते सात जवळे. वाटी त्यांनी पडवीतच हिरूपुढे ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून जाते पुसू लागल्या. मी मात्र पाहत राहिलो. माझ्याच्याने पाठ करवेना.

हिरूने वाटीत बोटे घालून आपले जवळे शोधून काढले. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. सातही संपले तेव्हा तिने वाटीत पाहिले, आणि उरलेल्यातला एक घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. अर्धी वाटी संपली.

"ह्यो भात न्हाय," ती म्हणाली.

"नाहीच मुळी," भागीरथीबाई जात्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "गव्हले आहेत."

"व्हय," हिरू म्हणाली आणि आणखी एक घास घेतला.

मंगळवारी तिने पाऊण वाटी घेतली. बुधवारी पडवीत वळायला सहा मुले बसली, आणि कोणी साप, कोणी विमान, कोणी चाक करून आपापले वरणात सोडले. ज्यांनी केले, त्यांनी खाल्ले. भागीरथीबाई सगळ्यांना दटावत होत्या, "नाकात घालू नका रे, तो खायचाय."

गुरुवारी डॉक्टर आले. हिरू काट्यावर चढली. डॉक्टरांनी वजन सरकवले, थोडे मागे घेतले, पुन्हा सरकवले, आणि बराच वेळ दांडीकडे पाहत राहिले. मी मनात कोणता जप करीत होतो ते आठवत नाही.

"उतरलेलं नाही," ते म्हणाले. "चढलंही नाही म्हणा. पण उतरलेलं नाही. राहू दे तिला इथे. काय दिलंत?"

मी सांगितले. त्यांनी कागदावर 'गहू, डाळ' असे लिहिले. कोणाच्या हातचे ते लिहायला त्यांच्या कागदावर जागा नव्हती.

मी थेट स्वयंपाकघरात गेलो. भागीरथीबाई काटा पाहायला बाहेर आल्या नव्हत्या. मी म्हणालो, "हिरू राहते आहे." त्यांनी पदराने कपाळ पुसले, नुसते कपाळ, आणि म्हणाल्या, "बरं. म्हणजे उद्याचे गहू ओलवायला हवेत."

"बाई, आजचा नैवेद्य या गव्हल्यांच्या खिरीचा दाखवतो."

"माझ्या हातच्या?"

"आपल्या हातच्या."

मुलांसाठी करून ठेवलेली खीर त्यांनी पुन्हा चुलीवर चढवली, आणखी थोडे दूध घातले, वेलदोडा कुटून घातला, आणि वाटीच्या कडेला लागलेला थेंब तीनदा पुसला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छोटा देव्हारा होता. मी पाण्याचे मंडल केले, त्यावर वाटी ठेवली, तुळशीपत्र ठेवले आणि डोळे मिटले. नैवेद्याचा विधी मी लहानपणापासून एकदाही संक्षेपाने केलेला नाही. प्रत्येक आहुतीचा उच्चार, मध्ये पाणी, मग प्रार्थना. त्यास जो काळ लागतो तो लागतो. मी निम्म्यावर आलो असेन, तोच मागून भिंत धरून चालणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि माझ्या खांद्याशी कोणी श्वास घेत उभे राहिले.

"गुरुजी, देव खातो का न्हाय?"

मी पुढची आहुती उच्चारली. विधीत बोलायचे नसते.

मग तोच आवाज, अधिक जवळून. "तो न्हाय खात तर मना द्या. मना भूक लागलीय."

आमच्याकडे आल्यापासून त्या मुलीने एकदाही खायला काही मागितले नव्हते. मी डोळे उघडले. ओठांवरचा मंत्र अर्ध्यावर होता. तो तसाच ठेवून मी देवापुढची वाटी उचलली आणि तिच्या हातात दिली.